घरात जनावर आहे का, हे डॉक्टरांनी विचारलेच पाहिजे!

आंबेगाव तालुक्यातील शिनोली असो की शहरातली झोपडपट्टी, आपली मुले कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांशी खेळतच वाढतात. त्यात वावगे काही नाही. पण मूल आजारी पडल्यावर घरातल्या जनावराची चौकशीच होत नसेल, तर निदान चुकणारच.

मांजराने ओरबाडल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ येऊ शकते. 'बार्टोनेला' जंतूमुळे आलेली ही गाठ क्षयाची समजली जाऊ शकते. कुत्रीच्या पोटातच पिल्लाला 'टॉक्सोकॅरा' जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीतून मुलाच्या तोंडात जातात. माणसाच्या आतड्यात हा जंत पूर्ण वाढत नाही, म्हणून मुलाची शौच तपासून तो सापडत नाही. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढल्या असतील, तर एलायझा चाचणीचा विचार करावा लागतो. डोळ्यात गेलेला हा जंत दृष्टीही नेऊ शकतो. गजकर्णाच्या चट्ट्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर बुरशी ओळखता येते. पण दुकानातले स्टेरॉइडचे मलम चोळले की चट्ट्याचे रूप बदलते. अशा वेळी "वस्तीच घाणेरडी" असा शेरा मारून मोकळे होणे, याला निदान म्हणायचे काय?

रेबीजमध्ये तर चाचणीची वाट पाहणेच प्राणघातक आहे. लक्षणांपूर्वी माणसात तो ओळखणारी चाचणी नाही आणि लक्षणे दिसल्यावर वाचणे जवळपास अशक्य. म्हणून चावा किंवा ओरखडा साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावा आणि लगेच लस घ्यावी; रक्त आले असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही घ्यावे. मार बसेल या भीतीने मूल ओरखडा लपवते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

शासकीय रुग्णालयाने गरजूला वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात बजावले. मग निदानावाचून उपचार कसा होणार? 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांना तपासतात. त्यांनी तीन प्रश्न विचारून नोंदवावेत: घरात कोणते जनावर आहे? ते चावले वा ओरबाडले का? त्याला जंताचे औषध व रेबीजची लस दिली का? याला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही. तोवर मायबापांनी डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. दवाखान्यात गेल्यावर हे स्वतःहून सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे.