अधिकाऱ्याची निष्ठा कोणाशी?

मोठ्या अधिकाऱ्याविषयी लोक वाईट बोलणारच, असे म्हणून हा विषय झटकून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. मंत्री मत मागण्यासाठी का होईना, पण लोकांच्या दारी येतो. सचिव, आयुक्त वा जिल्हाधिकारी यांना तसे येण्याचे कारण पडत नाही. मंत्र्याचे भाषण सभागृहात होते व वृत्तपत्रांत छापले जाते. अधिकाऱ्याचा शेरा फायलीत राहतो. ज्याची सत्ता मोठी, पण ज्याला मताने दूर करता येत नाही आणि ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याविषयी लोक दोनच प्रश्न विचारतात: हा कोणाचा माणूस आहे? आणि याचे हात स्वच्छ आहेत काय?

हे दोन प्रश्न निराळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. मुंदडा प्रकरण आठवावे. १९५६ साली सरकारने २४५ विमा संस्था ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापिले. गोरगरिबांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते सुरक्षित राहतील, हा त्यामागील भरवसा. पण १९५७ च्या जून महिन्यात या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या भागांत सव्वा कोटीच्या घरात रक्कम गुंतविली. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला त्यासाठी विचारलेही नव्हते. फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण बाहेर काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी उघड चौकशी केली. अर्थखात्याचे सचिव ह. म. पटेल यांचे म्हणणे असे की, मंत्र्यांची संमती होती. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे की, आपण संमती दिली नव्हती. लेखी आदेश कोठेच नव्हता. हाताखालच्या सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निर्वाळा न्यायमूर्तींनी दिला व १९५८ च्या फेब्रुवारीत मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पटेल यांनीही पुढे सरकारी नोकरी सोडली. ते राजकारणात आले आणि १९७७ साली स्वतःच अर्थमंत्री झाले.

यावरून कोणाचा गुन्हा शाबीत करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की, लोकांची टीका केवळ लाचेपुरती नसते. तोंडी आज्ञेवर पैसा हलतो, नियम बाजूस सारला जातो आणि विचारणा झाली की सचिव मंत्र्याकडे व मंत्री सचिवाकडे बोट दाखवितो, तेव्हा एक पैसाही खिशात न घालणाऱ्या अधिकाऱ्याची सचोटी संशयाच्या भोवऱ्यात सापडते. कायद्याहून धन्याला मोठे मानणे, हीही अप्रामाणिकपणाचीच एक जात आहे.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते की, घटनेचे एक अक्षरही न बदलता केवळ कारभाराची पद्धत बदलून घटना विकृत करता येते. म्हणूनच घटनेच्या ३११ व्या कलमाने सनदी नोकराला संरक्षण दिले. चौकशीवाचून त्याला बडतर्फ करता येऊ नये, हा सर्वसाधारण नियम त्यात आहे. ते कवच त्याने मंत्र्यासमोर निर्भयपणे खरे बोलावे म्हणून आहे. मंत्र्याच्या मर्जीची ऊब घेत बसावे म्हणून नव्हे. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी केंद्र सरकारच्या नोकरास राजकीय पक्षाशी संबंध ठेवण्यास मनाई केली, तीही याच कारणासाठी.

नवदीक्षित कुटुंबांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत होण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे आपल्या मुलाची शिष्यवृत्ती व नोकरी कायद्याच्या अन्वयार्थावर आणि दाखला देणाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून होती. कायदा बदलला, तरी लेखणी अधिकाऱ्याच्याच हाती आहे. तो निःपक्षपाती नसेल, तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो.

मात्र टीकेलाही शील हवे. आपल्यातील अधिकारी चुकला की त्याच्या जातीचा उद्धार होतो. दुसरा चुकला की तो त्या एकट्याचा दोष ठरतो. हा अन्याय आपण सोसला आहे. तो आपण दुसऱ्यावर करू नये. केवळ ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काहीही खरे मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश निंदेलाही लागू आहे आणि स्तुतीलाही. तेव्हा अर्ज लेखी करा, त्याची पोच घ्या, २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने फायलीतील शेरा मागा आणि मग बोला. पुराव्याने केलेली टीका हा नागरिकाचा हक्क आहे. पुराव्यावाचून केलेली टीका मुसावादाच्या वाटेने जाते.

शेवटचा शब्द आमच्या शिकलेल्या मुलांसाठी. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी सुशिक्षितांविषयीची आपली व्यथा बोलून दाखविली होती. आज आपली मुले-मुली मोठ्या खुर्च्यांवर बसली आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांनी आपल्या समाजाचीही गैरवाजवी शिफारस मानू नये, आणि समाजाने ती त्यांच्याकडे मागू नये. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, या प्रतिज्ञा आपण दीक्षाभूमीवर घेतल्या. त्या कचेरीच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्यासाठी घेतलेल्या नाहीत. ज्या अधिकाऱ्याची निष्ठा घटनेशी व सत्याशी आहे, त्याच्यावरही टीका होईल. परंतु फाईल उघडली म्हणून त्याला मान खाली घालावी लागणार नाही.