आधी कानस नको!

पेटी जरा बिघडली, की तिला बेसूर ठरवायचे आणि लागलीच कानस काढायची, या घाईवर माझा राग आहे. आम्हां नाशिककरांच्या घरांत आषाढ-श्रावणात लाकूड फुगते, पट्टी अडकते; त्यात सुराचा काय दोष? पट्टी न दाबता सूर वाजत राहिला, तर झडपेचे चामडे आणि स्प्रिंग पाहा. सूर मुका झाला, तर पितळी जिभेखाली बहुधा धुळीचा कण असतो. पातळ कागद हलकेच सरकवला की निघतो. खुंट्या बंद असूनही भाता भराभर रिता होतो? मग गळती शोधा! कानशीने जिभेचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही, महाराज!

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल केली. पेटीतून मींड निघत नाही, हा त्या पंडितांचा आक्षेप निदान संगीताचा तरी होता. आमच्या शाळेची पेटी मात्र दोन सूर मुके म्हणून अडगळीत चालली आहे, आणि विजेच्या की-बोर्डाचा ठराव समितीपुढे आहे. मी विरुद्ध मत देणार. त्याआधी सुटीत कागद नि मऊ ब्रश घेऊन बसणार आहे.