वैमानिकाचे आकाश आणि वेदगंगेचे पाणी

हवामानबदलाचा विषय निघाला की विमान व्यवसायातील काही अनुभवी मंडळी दोन मुद्दे हमखास पुढे करतात. आकाश आम्ही रोज पाहतो, ते पूर्वीही लहरीच होते, हा पहिला. जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा जेमतेम अडीच टक्के, मग बोट आमच्याकडेच का, हा दुसरा. सांबरा विमानतळावरून उड्डाणे वाढावीत अशी इच्छा बाळगणाऱ्या बेळगाव-निपाणी भागात हे ऐकायला गोड वाटते. दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळे असलेल्या गोव्यातही ते गोडच वाटावे.

दुसरा मुद्दा आकड्यापुरता खरा आहे. मात्र अडीच टक्के हा हिशोब केवळ कार्बन डायऑक्साइडचा. विमानामागे उमटणारे ढगांचे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे धरली, तर मानवनिर्मित तापमानवाढीतील वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय जगातील बहुसंख्य माणसे वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर वैमानिकाच्याच कामात दडलेले आहे. त्याला खिडकीतून दिसते ते त्या दिवसाचे हवामान. बदल मोजायला तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या लागतात. उष्ण हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने तेथील हवा मुळातच दाबोळीपेक्षा विरळ. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी किती वजन घेऊन उडायचे, हे तापमान पाहूनच ठरते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथे पारा ४८ अंशांवर गेला, तेव्हा लहान विमानांची डझनावारी उड्डाणे रद्द झाली. वैमानिकाच्या मनात संशय असेलही, त्याच्या तक्त्यांत त्याला जागा नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. निपाणीला रेल्वे नाही. रस्ता बुडाला की गाव अडकले. जुलै २०२१ मध्ये गोव्याचेही हाल झाले. म्हादईच्या पुराने सत्तरीत घरे पडली, दूधसागर परिसरात दरड कोसळून रेल्वेगाडी घसरली. या पुरांचे सारे खापर हवामानबदलावर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धरणांतील विसर्ग आणि नदीपात्रांतील अतिक्रमणेही त्यात आहेत. तथापि मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. सांबऱ्याहून उडून जाणे हा पर्याय खिशात तिकिटाचे पैसे असलेल्यांचा. शेत पाण्याखाली गेलेल्याला तो नव्हता.

यावर उपाय म्हणून आता हरित विमान इंधनाचे नाव घेतले जाते. मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान देशी कच्च्या मालापासूनचे असे इंधन अल्प प्रमाणात मिसळून उडाले. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. उसाच्या इथेनॉलपासून ते बनवता येते, म्हणून चिकोडी-निपाणीच्या साखरपट्ट्यात आशा जागी होणे स्वाभाविक आहे. पण तो ऊस उभा आहे वेदगंगा-दूधगंगेच्याच काठी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो कित्येक दिवस पाण्यात होता.