केसपेपरवरील नाव

आठ-दहा रात्री डोळ्याला डोळा नाही, बोलणे थांबत नाही, उद्याच्या पेरणीसाठी ठेवलेला पैसा एका दिवसात उधळला गेला आहे, आपल्याला दैवी शक्ती प्राप्त झाल्याची खात्री पटली आहे, अशा अवस्थेतील माणसाला घेऊन नातेवाईक परंड्याहून किंवा लोहाऱ्याहून निघतात. देवऋषी करून झालेला असतो, घर थकलेले असते. रुग्णालयात इंजेक्शन मिळते, रुग्ण शांत होतो आणि केसपेपरवर शब्द उमटतो तो ‘निद्रानाश’ किंवा ‘मानसिक ताण’. कधी गर्दीमुळे, कधी ‘पोराचे लग्न व्हायचे आहे’ या आईच्या विनवणीमुळे रोगाचे खरे नाव टळते. त्या क्षणी ही दयाच वाटते. वस्तुतः तो रुग्णावर होणारा पहिला अन्याय असतो.

या रोगाचे नाव द्विध्रुवीय भावविकार. उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांमध्ये, मधल्या काळात पूर्ववत होऊन, माणूस वर्षानुवर्षे हेलकावत राहतो. म्हणूनच आजची तपासणी त्याच्या निदानाला पुरत नाही; कालचा इतिहास लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या विकाराला ‘एफ ३१’ हा संकेतांक आहे. भ्रम व भासांसह आलेला उन्माद ‘एफ ३१.२’, त्याच लक्षणांसह आलेले तीव्र नैराश्य ‘एफ ३१.५’ आणि तपशीलच नसेल तर ‘एफ ३१.९’. उन्मादाचा झटका पहिलाच असेल, तर मात्र त्याची नोंद ‘एफ ३०’ खाली होते. २०२२ च्या प्रारंभी अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीने उन्मादाचा एक झटकाही निदानास पुरेसा मानला. पण तो झटका कोणीतरी लिहून ठेवलेला असला पाहिजे, ही अट काही सुटलेली नाही.

ती सुटली की काय होते? वर्षभराने तोच माणूस खिन्न होऊन दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसतो. जुना कागद ‘निद्रानाश’ सांगतो. डॉक्टर प्रामाणिकपणे केवळ नैराश्याचे औषध देतात आणि तेच औषध उन्माद पुन्हा चेतवू शकते. लिथियमची गोष्टही तशीच. हे जुने व गुणकारी औषध रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांवर नियमित लक्ष ठेवूनच द्यावे लागते. मागील तपासणीचा आकडा हाती नसेल, तर पुढील मात्रा ठरवायची कशावरून? तेव्हा नोंद हा उपचारानंतरचा कारकुनी सोपस्कार नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

कायद्याने दिलेले हक्कही याच कागदावर उभे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे बजावले आणि २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दाव्यात हे तत्त्व उचलून धरले. परंतु ‘अशक्तपणा’ लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डावर कोणता दावा टिकणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता किंवा पदावनत करता येत नाही. शिक्षकाला आणि लिपिकाला याचे मोल सांगायला नको. मात्र दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना रोग किती काळ आहे, हेही मोजले जाते. तो काळ दाखवणार कोण? जुने केसपेपरच.

प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवीय विकाराचे सुमारे सत्तर टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे धाराशिवसारख्या, दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांनी पोळलेल्या जिल्ह्याला स्वतःच्या रुग्णालयांतील नोंदींखेरीज दुसरा आरसाच नाही. २०१५ मध्ये येथे ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. आशा कार्यकर्त्या घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या. ही विचारपूस मोलाची आहे. पण तिच्यातून रुग्णालयापर्यंत आलेला रुग्ण तेथील नोंदवहीत चुकीच्या रकान्यात पडला, तर तो शासनाच्या हिशेबातून नाहीसा होतो. अंदाजपत्रकाला अश्रू दिसत नाहीत, आकडे दिसतात. रुग्ण नोंदला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाचे पद कशाच्या आधारे मागणार आणि औषधांचा साठा कोणत्या हिशेबाने येणार?

यावरचा आक्षेप खरा आहे. नाव लिहिले की गावभर होते. सोयरीक मोडते, नोकरीत कुजबुज सुरू होते. ही भीती खोटी नाही. पण तिचा उपाय खोटी नोंद हा नव्हे, गुप्त नोंद हा आहे. २०१७ च्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपली कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरून कोणाला आजही मनोरुग्ण ठरवता येत नाही. रुग्णालयाचा कागद खरा असावा आणि बंद असावा. कचेरीत जाणाऱ्या प्रमाणपत्रावर आवश्यक तेवढेच असावे. या दोन कागदांतील भेद पाळला, तर रुग्णाची अब्रूही राहील आणि उपचारही.

यासाठी फार मोठा खर्च नको. जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत नोंदी ठेवणाऱ्यांना या संकेतांकांचे प्रशिक्षण मिळावे. झटक्याची तारीख, स्वरूप, तीव्रता, औषध आणि तपासणी एवढे पाच रकाने प्रत्येक केसपेपरवर भरले जावेत. आणि रुग्णाच्या घरी त्याची एक प्रत राहावी. उरलेले काम समाजाचे आहे. मधुमेहाचे नाव आपण चारचौघांत उच्चारतो. या रोगाचे नाव निदान कागदावर तरी खरे लिहू दिले, तर पुढच्या झटक्याच्या वेळी डॉक्टरांना पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.