पर्वात लेकरांना रेशीम कशाला?



मागच्या दशलक्षण पर्वात माझी सहा वर्षांची लेक परकरात पाय अडकून मंदिराच्या पायरीवर पडली. परकर रेशमी, जाऊबाईंनी हौसेनं आणलेला, आणि "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून दोन मापं मोठा. गुडघा फुटला, बराही झाला. पण रात्री तिनं विचारलं, "आई, रेशीम कशाचं असतं गं?" रोज पाणी गाळून पिणारी, कांदा-बटाटा घरात न आणणारी मी गप्प बसले.

उत्तर आपल्याला माहीत नाही असं नाही. धागा अखंड निघावा म्हणून पतंग बाहेर पडायच्या आत कोश वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात. आतला जीव तिथंच संपतो. एका परकरामागे असे किती जीव, हे मोजायचं धाडस मला झालं नाही.

"रेशीम विटाळत नाही," असं सासूबाई म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, तुमच्याशी घालते. जीव घेऊन केलेलं वस्त्र पूजेला शुद्ध कसं? "नैसर्गिक आहे, सिंथेटिकपेक्षा बरं," हाही युक्तिवाद मला पटत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्दोष नव्हे. अहिंसा रेशमात पतंगाला बाहेर पडू देतात, हे खरं. पण एक मादी शेकडो अंडी घालते, त्या पिल्लांना पाला कोण देतं, हे विकणाऱ्याला एकदा विचारून बघा.

आणि हे सगळं कुठं? इचलकरंजीसारखं सुती कापडाचं गाव हाताशी असताना!

सुती घ्या, पण मापात घ्या. लेबलवरच्या वयावर जाऊ नका, भिंतीला उभं करून उंची मोजा. काही कपड्यांवर सेंटीमीटर लिहिलेले असतात. ११० म्हणजे साधारण ११० सेंटीमीटर उंचीच्या मुलासाठी. दोन मापांच्या मध्ये असेल तर मोठं घ्या, कारण पहिल्या धुण्यात सुती कापड शंभर सेंटीमीटरला तीन-पाच सेंटीमीटर सहज आटतं. शिवून घेणार असाल तर कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, मगच शिंप्याकडे द्या. शिवणीत माया आणि खाली दुमड ठेवायला सांगा. वाढीची सोय तिथं करायची, लेकराला पायघोळ घालून नव्हे.

धुताना गार पाणी, उलटं करून सावलीत वाळत. खळ घालून कपाटात ठेवू नका, खळीवर कसर येते. मग आपण डांबरगोळ्या टाकतो! कसर मारायला आणलेलं ते विष तान्ह्या बाळालाही बाधतं; काही बाळांच्या तर रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. कपडे स्वच्छ धुवा, खडखडीत वाळवा, चातुर्मासात ऊन पडलं की कपाट रिकामं करून ऊन दाखवा. जीव येऊच नये अशी काळजी घेणं, यालाच आपण यत्नाचार म्हणतो ना?

जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. परवा त्यांचाच फोन आला, "पोरीची उंची किती गं आता?" मी म्हटलं, "११७, ताई." पांढरं मलमल आणलंय त्यांनी. काल रात्री बादलीत भिजत घातलंय.