समान यशाचे समान मोल

अमेरिकन खुली टेनिस स्पर्धा १९७८ पासून फ्लशिंग मेडोजच्या कठीण कोर्टांवर भरते. परंतु समतेचा धडा तिने त्यापूर्वीच गिरविला होता. १९७२ साली पुरुष विजेत्यास २५ हजार डॉलर मिळाले, तर महिला विजेत्या बिली जीन किंग यांच्या पदरी अवघे १० हजार पडले. त्यांनी बहिष्काराचा इशारा दिला, आणि पुढील वर्षीच बक्षिसे समान झाली. फरकाची रक्कम एका व्यापारी कंपनीने भरली. विंबल्डनला मात्र हे उमगावयास २००७ साल उजाडावे लागले. पुरुष पाच सेटपर्यंत झुंजतात, स्त्रिया तिनांपर्यंतच, हा आक्षेप अद्याप ऐकू येतो. पण गवयाची बिदागी कोणी घटका मोजून ठरवीत नाही. हा न्याय संयोजकांच्या औदार्यातून आला नाही. विजेती अडून बसली म्हणून आला, याचे विस्मरण होता कामा नये.