चांगला कारभार आणि लोकांचा अधिकार

छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षे, शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रारंभी कोविडचे कारण होते. पुढे ओबीसी आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले. या अवधीत सुशिक्षित मध्यमवर्गात एक भाषा रूढ झाली: नगरसेवक नाहीत तेच बरे, प्रशासक निदान काम तरी करतो! निवडणूक झाली तरी ही भाषा मावळलेली नाही. ती बोलणारे स्वतःला आधुनिक आणि बुद्धिवादी समजतात, म्हणून त्या बुद्धिवादाचीच एकदा झडती घेणे अगत्याचे आहे.

युरोपातील बुद्धिवाद्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. राज्यकर्त्याचा अधिकार ईश्वरदत्त नसून शासितांच्या संमतीतून येतो, असे लॉकने 1689 मध्ये प्रतिपादिले. कायदा करणे, तो अमलात आणणे आणि न्याय देणे ही तिन्ही कामे एकाच हाती एकवटली की स्वातंत्र्य उरत नाही, असे माँतेस्क्यूने 1748 मध्ये दाखवून दिले. रूसोने 1762 मध्ये सार्वभौमत्व राजाकडून काढून समग्र जनतेच्या ठायी ठेवले. या परंपरेतील टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडले, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न जातिव्यवस्थेला विचारला. लंडन-पॅरिसच्या विचारवंतांना त्याची कल्पनाही नव्हती.

परंतु या परंपरेला दुसरे अंगही आहे. लोक अज्ञानी आहेत, तेव्हा एखाद्या शहाण्या राजाकरवी विवेकाचे राज्य वरून आणावे, हा मोह तिच्यातल्या थोरांनाही आवरला नाही. व्होल्तेअर प्रशियाच्या फ्रेडरिकच्या दरबारी राहिला. दिदरो रशियाच्या कॅथरिनला सल्ला द्यायला सेंट पीटर्सबर्गला गेला. परतताना त्याचा बराच भ्रमनिरास झाला होता. लॉकने स्वतः गुलामांच्या व्यापारात भांडवल गुंतवले होते. जॉन स्टुअर्ट मिलने 1823 पासून 1858 पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली आणि 1859 च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात ‘मागासलेल्या’ समाजांसाठी सुधारणेच्या हेतूने चालवलेली एकतंत्री सत्ता योग्य ठरवली. संमतीचे तत्त्व एकीकडे आणि ‘तुमची लायकी झाल्यावर पाहू’ ही अट दुसरीकडे, असा हा दुहेरी वारसा आहे.

त्यातील दुसऱ्या अर्ध्याचा अनुभव मराठवाड्याने घेतलेला आहे. 1853 ते 1883 या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने हैदराबाद संस्थानाच्या महसूल व न्यायव्यवस्थेची घडी बसवली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. या सुधारणा खऱ्या होत्या. पण सर्फ-ए-खासचे उत्पन्न निजामाच्या खासगी खजिन्यात जात राहिले, गश्ती क्रमांक 53 मुळे परवानगीवाचून सभा घेता येईना, आणि 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती कामाला लागण्यापूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थी वंदे मातरम् चळवळीत उतरले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्याची मागणी ‘आम्हांला अधिक कार्यक्षम निजाम द्या’ अशी नव्हती. ती जबाबदार राज्यपद्धतीची होती. हा लढा एका धर्माविरुद्ध होता, असे आज सांगणाऱ्यांनी ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचे स्मरण ठेवावे. विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हत्या झाली.

प्रशासकीय राजवटीत काय घडले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे. आयुक्त हाच प्रशासक. अंदाजपत्रक त्यानेच मांडायचे, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा म्हणून त्यानेच मंजूर करायचे आणि त्यानेच खर्च करायचे! माँतेस्क्यूने ज्या एकवटलेल्या सत्तेविरुद्ध बजावले, तिचे याहून सुबोध उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत असताना पाणीपट्टी मात्र सालोसाल आकारली गेली. 1680 कोटींच्या पाणीयोजनेचा खर्च 2740 कोटींवर गेला, तेव्हा त्याचा जाब विचारणारा एकही निर्वाचित सदस्य पालिकेच्या सभागृहात नव्हता. घटनेच्या 243-यू कलमाने पालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आहे आणि ती संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले आहे. या कलमाचा जवळजवळ सहा वर्षे भंग होत असताना शहरात मोठे आंदोलन उभे राहिले नाही, ही पुरोगामी पक्षांनाही लाज आणणारी गोष्ट आहे.

नगरसेवक भ्रष्ट असतात, ठेकेदारांशी संगनमत करतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी मतदारांपुढे उभे राहावे लागते. अधिकाऱ्याची फार तर बदली होते. शिवाय बड्या उद्योजकाला प्रशासकाच्या दालनाचा दरवाजा नेहमीच उघडा असतो. झोपडपट्टीतील बाईला मात्र वॉर्डातल्या माणसाचे दारच ठोठावता येते, आणि तेच बंद झाले होते. कार्यक्षमतेची किंमत नेमकी कोणता वर्ग मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच मिलचा आधार घेऊन बजावले होते की, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. मिलमधले ग्राह्य त्यांनी घेतले, त्याज्य टाकले. 1950 मध्ये औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंदाचे नाव दिले. वाद करायचा तर पंडितासारखा कर, राजासारखा नको, ही नागसेनाची अट मान्य करणारा तो ग्रीक राजा होता. सत्तेने युक्तिवादापुढे उभे राहावे, हा विचार म्हणजे केवळ युरोपची देणगी नव्हे, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

आता सभागृह अस्तित्वात आले आहे. कार्यकर्त्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये. कायद्यात असलेल्या क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरवून घेणे, प्रशासकीय काळातील ठरावांचा आणि खर्चाचा तपशील प्रभागाप्रभागांत मागणे, ही तातडीची कामे आहेत. निवडणुका पुन्हा लांबणीवर पडू लागल्या, तर पहिल्या महिन्यातच रस्त्यावर आले पाहिजे.